रुमालसाहेबांचं नाक

रुमालसाहेब दुकानात शिरायच्या आधी त्यांचा रुमाल शिरायचा. पांढरा, चार घड्यांचा, कडक इस्त्रीचा. तो नाकावर दाबला की त्यांचा अधिकार सुरू. खाटकाकडे रुमाल, खानावळीत रुमाल, हे एक वेळ समजू. पण अत्तरवाल्याच्या दुकानातसुद्धा या माणसाने नाक दाबून "वास यायलाय" म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. ते आमच्या पुरसभेचे, म्हणजे इथल्या कर्नाटकातल्या नगरपालिकेचे आरोग्य निरीक्षक. चहाची टपरी असो की पिठाची गिरणी, दर मार्चला लायसन नवं करायचं तर आधी या रुमालाने दुकान हुंगायचं, मग सही व्हायची. त्यांना चांगलं आईबापांनी ठेवलेलं नाव होतं, पण ते घराच्या पाटीवर सोडलं तर कुठं वापरात नव्हतं.

मूळचे निर्णा गावचे, घरात मराठी. पण खुर्चीत बसले की मराठी साफ विसरायचे. "नाळी बर्री," उद्या या, हे त्यांचं कन्नड सगळ्या तालुक्याला पाठ होतं. भर दुपारी भूक लागली की मराठी आपोआप परत यायचं. रुमालाआडून बोलायची सवय, त्यामुळे अर्धे शब्द कापडातच राहायचे. जे वाक्य सुटून बाहेर यायचं ते एकच: "मी न्हाई म्हणायलो अक्का, नियम म्हणायलाय." जणू नियम हे यांचे थोरले काका आणि आतल्या खोलीत लोडाला टेकून ते हुकूम सोडायलेत.

आता माझं सांगते, म्हणजे साहेब एकटेच हास्यास्पद होते असं कुणाला वाटायला नको. आमच्या मालकांची शेती खजुरी गावाला. पावसाचा भरवसा नाही, म्हणून मी तालुक्याच्या बाजारात एक खोली घेऊन मिरची कांडप टाकलं. लायसनसाठी पुरसभेत इतके हेलपाटे घातले की तिथली कुत्री मला ओळखायला लागली. साहेब पाहणीला येणार म्हटल्यावर मी लग्नातली साडी नेसले आणि जमीन सारवून यंत्राभोवती रांगोळी काढली. साहेब म्हणाले, "शेण चालत न्हाई. फरशी पायजे." तर मी शहाणी त्यांच्या पाया पडले! सासऱ्यांपुढे कधी इतकी वाकले नव्हते.

शेवटी फरशी घातली, आणि लायसन हाती आलं तेव्हा घरात पोर जन्मल्यासारखं झालं. काचेची चौकट करून मी ते लक्ष्मीच्या फोटोशेजारी टांगलं. दसऱ्याला आमच्याकडे ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा होते. मी यंत्र पुजलं, तराजू पुजला, पाना-पक्कड पुजली. मग नजर भिंतीवर गेली. सगळ्यात मोठं हत्यार तर तिथं लटकलं होतं! काचेवरून कुंकू पोचायचं कसं, म्हणून मी काच काढली. पुरसभेचा तो गोल जांभळा शिक्का मला थेट कपाळासारखा दिसला. त्यावर ओली हळद, हळदीवर ठसठशीत कुंकू.

शेजारची बांगडीवाली चांदबी दारात उभी राहून बघत होती. "अक्का, सरकार कू कुंकू लगा रई? सरकार का मरद कौन है गे?"

"तुला न्हाई कळायचं," मी म्हणाले. अक्कल नसलेल्या माणसाचा आवाज किती ठाम असतो बघा.

मार्च उजाडला. ऐन हंगाम, गावोगावची मिरची पोत्यांनी येऊन पडलेली. जुनं लायसन दाखवल्याशिवाय नवं मिळायचं नाही. साहेबांनी ते दोन बोटांत धरून खिडकीच्या उजेडात नेलं.

"शिक्का कुठंय?"

"कुंकवाखाली, साहेब."

"कामून?"

"दसऱ्याला लावलं जी."

"ह्ये लायसन न्हाई ऱ्हायलं अक्का. देवाचा फोटो झालाय."

मी थुंकी लावून पदराने पुसायला गेले. हळद राहिली, शिक्का गेला.

"नवा अर्ज करा. पहिल्यापासून. तवर कांडपाला कुलूप. मी न्हाई म्हणायलो..."

पुढचं मला ठाऊक होतं. कुलूप लागलं की हंगाम गेला, आणि हंगाम गेला की पोरीची शाळा, घरातलं तेलमीठ, सगळंच गेलं. मी रडले. साहेबांनी रुमाल आणखी घट्ट दाबला. रडण्यालाही वास येत असावा.

दुसऱ्या दिवशी ते कुलूप आणि नोटीस घेऊन हजर. दारात बायांची रांग, यंत्र धडधडायलेलं. मी हात जोडले, "साहेब, एवढा घाणा उतरू द्या." त्यांनी ऐकलं नाही. रुमालाआडून नोटीस वाचायला सुरुवात केली. एक अक्षर कुणाला कळेना.

"क्या बोलरे साब? सुनाई नै आरा!" चांदबी ओरडली.

साहेबांनी आवाज चढवला. तरी ऐकू जाईना. मग त्यांनी रुमाल खाली घेतला, छाती भरून श्वास ओढला आणि म्हणाले, "नियम..."

अख्ख्या तालुक्यात रुमालाची खरी गरज असलेली जागा ती एकच, आणि नेमका तिथंच या विद्वानाने तो काढला. शिंकेवर शिंक. कुलूप खाली पडलं, नोटीस मिरचीच्या पोत्यात गेली. वर त्यांनी त्याच हातांनी डोळे चोळले. "आई गंऽ! मेलो की गं!" कन्नड कुठल्या कुठं पळालं.

"आंखां मलो नक्को साब!" चांदबीने त्यांचे हात धरले. मी यंत्र बंद केलं, त्यांना पायरीवर बसवून डोळ्यांवर पाणी मारलं, ताकाचा तांब्या तोंडाला लावला. बाया तोंडात पदर कोंबून हसायल्या होत्या. मीही हसले, खोटं कशाला बोलू? बऱ्याच वेळाने लाल डोळ्यांनी माझ्याकडे बघत ते म्हणाले, "अक्का, तुम्ही रोज हितं बसता?"

"बसते की."

साहेब कुलूप उचलून गेले. दुसऱ्या दिवशी पुरसभेत माझं नवं लायसन तयार! "दप्तरात जुन्याची नक्कल होती, सापडली," रुमालामागून म्हणाले. आदल्या दिवशी ती कुठं गावाला गेली होती काय? लोक याला माणुसकी म्हणतील. मी मिरची म्हणते. वर सुनावलं, "ह्याला कुंकू लावू नका."

त्यानंतर दर वर्षी ते माझ्या कांडपाची पाहणी रस्त्यापलीकडे उभं राहून करायचे. निवृत्त झाल्यावर मात्र स्वतःची मिरची घेऊन यायला लागले. पहिल्या खेपेला सवयीने थेट आत शिरले. मी म्हणाले, "रांग हाय साहेब. मी न्हाई म्हणायले, नियम म्हणायलाय." रुमाल हलला, आत हसले असणार. गुमान मागं जाऊन उभे राहिले.

मागच्या उन्हाळ्यात साहेब गेले. मी आणि चांदबी बघायला गेलो, तर नाकात कापसाचे बोळे. मला आधी हसू आलं, आणि मग डोळ्यांचं पाणी थांबेना. "आंखां में मिर्ची गई क्या?" चांदबीने हळूच विचारलं. मी मान डोलावली.

आता लायसन मोबाइलवरच नवं करायचं असतं. माणूस येत नाही, रुमाल येत नाही. नात जुन्या लायसनचा फोटो पाठवते आणि अर्ज परत फिरतो. "आज्जी, शिक्का नीट दिसत न्हाई म्हणे. मी न्हाई, सिस्टीम म्हणायली."

मार्च संपत आलाय. खोलीत पोत्यांवर पोती. काल घाणा जोरात चालू असताना मी नातीच्या हातातून मोबाइल घेतला आणि यंत्राच्या अगदी तोंडाशी नेऊन धरला. मोबाइलच्या काचेवरचं ते थांबा म्हणणारं चाक आपलं गरगर फिरतच होतं.

"आज्जी, काय करायलीस?"

"बघायले," मी म्हणाले, "शिंकतंय का."