आरसे धरून माप

हातात आडवा बांबू धरून तो तळ्याकाठच्या सायकल ट्रॅकवरून रोज सकाळी चालायचा. बांबू बरोबर अँब्युलन्सच्या रुंदीचा कापलेला. ज्याला तो लागेल त्याने बाजूला व्हायचं. मग ती नारळपाण्याची गाडी असो, की आसनं करणारे निवृत्त मास्तर. "गाडीचे आरसे धरून माप हाय," म्हणायचा. तुमच्यापैकी जे तिकडे फिरायला जात, त्यांना आठवत असेल.

पहारेकरीच तो. कापसाच्या हंगामात मोठा रस्ता जिनिंग कारखान्यासमोरच्या ट्रॅक्टरांनी तुंबला, की दवाखान्याकडे जायला ही एकच वाट उरते, म्हणून तिची राखण. पण त्याच्या दोन वर्षांत एकही अँब्युलन्स आली नाही. लोक चिडवत, "काय बाप्पा, आली का नवरी?"

"येईन ना! वाट तं झाडून ठेवा लागते."

माझं त्याच्याशी वाकडं होतं. अजूनही मनातून पुरतं गेलेलं नाही. सिमेंटची पोती वाहता वाहता मी सिमेंटच्या बाकांचा कारखाना उभा केला. ट्रॅकवरचे सहा बाक माझे. आपल्या काळ्या मातीत बाक पावसाळ्यात कलतो, म्हणून मी ते ट्रॅकच्याच पक्क्या कडेवर रोवले. पहिल्याच सकाळी बांबू अडला.

"चार बोटं सोड ना," मी म्हणालो.

"भाऊ, गाडी चार बोटं बारीक होते काय?"

"बरं, दोन बोटं!"

"हा भाजीबाजार नाही भाऊ."

सगळ्यांसमोर सहाही बाक उखडायला लावले. दुपारी माझ्या गड्यांसोबत जेवायला बसला आणि अर्धी भाकर माझ्यापुढे धरली. "खा भाऊ. उपाशीपोटी राग लय चढते."

मी खाल्ली नाही. पहारेकरी उद्धट आहे, असा नगरपालिकेत अर्ज दिला. अर्ज कोणाच्या हातात द्यायचा ते मला कळतं. महिन्याभरात त्याची बदली झाली आणि बाक पुन्हा कडेवर आले.

त्या वर्षी भाव पडले. आणखी पडतील या भीतीने दसऱ्यानंतर सगळ्यांनी एकदमच कापूस आणला. रस्ता बंद. अँब्युलन्स ट्रॅकवर शिरली. आत कपाशीवर फवारताना विष चढलेला माणूस, त्याचं डोकं मांडीवर घेतलेली बायको. माझ्या तिसऱ्या बाकाशी गाडी अडली. ड्रायव्हरने आरसे मिटले, मागे घेतली, पुन्हा घातली. जाईना. शेवटी फिरायला आलेल्यांनी पहार आणून बाक उलथला.

"कोनाचा होय हा बाक?" बाई ओरडली.

मी तिथेच उभा होतो. गर्दीमागे सरकलो.

त्याच दिवशी सगळे बाक काढले. कार्यालयात जाऊन अर्ज परत मागितला, तासभर घासाघीस केली. बाबू म्हणाला, अर्ज घेता येतो, परत देता येत नाही.

मग त्या पहारेकऱ्याकडे गेलो. लोहारा गावाकडच्या एका पाण्याच्या टाकीवर टाकलं होतं त्याला. वाळला होता. मी सगळं सांगितलं, अर्जाचंही. व्हॉल्व्ह फिरवता फिरवता तो ऐकत राहिला.

"ते जाऊ द्या भाऊ. तो मानूस वाचला का?"

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.