डागी दाणे

शेडमधल्या सगळ्या जणी तिला घार म्हणत. नावं ठेवण्यात त्या बायकांचा हात कुणी धरला नसता, पण हे नाव अगदी मापाचं बसलं होतं. रबरी पट्ट्यावरून शेंगदाणे सरकत यायचे, दोन्ही बाजूंच्या बाकांवर बायका निवडायला बसलेल्या असायच्या, आणि ज्या दाण्याला बाकीच्यांनी चांगला समजून पुढे सोडलेलं असायचं तो शेवटच्या बाकावरची घार चिमटीत अलगद उचलायची. काळपट, सुरकुतलेला, कोंब फुटलेला, हिरवट भुरा चढलेला. बावीस वर्षांत तिच्या हातून डागी दाणा सुटल्याची तक्रार एकदाही आली नाही. मुकादम म्हणायचा, "यंत्र आणलं तरी हिला काढणार नाही." पुढे त्याने यंत्रही आणलं नाही आणि हिची बढतीही केली नाही, तेव्हा या कौतुकाचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

निवडून काढलेले डागी दाणे डब्यात पडत, संध्याकाळी सगळे डबे एका पोत्यात रिकामे होत, आणि शनिवारी ते पोतं बायकांमध्ये वाटलं जाई. शेडची ही जुनी रीत होती. मुकादमाची ते फेकायची कटकट वाचायची आणि बायकांना फुकटात घसघशीत काही मिळाल्याचा आनंद व्हायचा. दोन्हीकडून आनंदीआनंद.

घार आपला वाटा घरी आणून पुन्हा निवडायला बसे. अगदीच काळे फेकून द्यायची, आणि "तसे बरे आहेत" असे वाटतील ते फडक्यात चोळून, भुरा पुसून, खरपूस भाजायची. भाजले की सगळ्यांचा रंग सारखाच. मोठा पत्र्याचा डबा घरी राहायचा आणि छोटा डबा लग्न झालेल्या मुलीकडे जायचा. काटकसरीत आपला कुणी हात धरणार नाही याची तिला घमेंड होती, आणि ती तिने कमावलेली होती. ती स्वतः मात्र एकही दाणा तोंडात टाकत नसे. दिवसभर तेच बघून तिला दाण्यांचा वीट आला होता.

खाणारा होता तिचा नवरा. चौकाच्या कोपऱ्यावर, एका बंद दुकानाच्या पायरीला टेकून त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पेटी, एक हवा भरायचा पंप आणि पंक्चर शोधायला पाण्याचं घमेलं. चाक उलटं धरून तो फिरवायचा, मान तिरकी करून त्याचा आवाज ऐकायचा आणि कुठली तार सैल आहे ते सांगायचा. सकाळी निघताना शर्टाचा खिसा बायकोपुढे धरायचा. "घारबाई, पेट्रोल भरा." ती दोन मुठी दाणे ओतायची. चाक फिरतंय तोवर एकेक दाणा तोंडात. मध्येच एखादा कडू निघाला की तोंड वाकडं करायचा आणि म्हणायचा, "आला बघा पाहुणा." मग कडू चव घालवायला आणखी चार खायचा. बावीस वर्षं हा खिसा रोज भरला गेला, सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

मागच्या वर्षी त्याने कमरेच्या पट्ट्याला टोचणीने एक नवं भोक पाडलं. दोन महिन्यांनी दुसरं. घार म्हणाली, "अहो, वाळत चाललात." तो म्हणाला, "वयात आलो." उजव्या बरगडीखाली जड वाटतं, एवढं एकदाच बोलला आणि तेही पंप मारून मारून झालं असेल म्हणून सोडून दिलं. जेवण अर्ध्यावर आलं. मग एका सकाळी खिसा पुढे धरून उभा असताना उजेडात तिला त्याचे डोळे दिसले. हळदीसारखे पिवळे.

माणसाचं लिव्हर बिघडलं की शेजारीपाजारी आधी बाटली शोधतात. घारीच्या शेजाऱ्यांनीही शोधली. समोरच्या जिन्यातल्या बाईने तर हळहळत विचारलं, "कधीपासून घेत होते हो?" ज्या माणसाने जन्मात चहासुद्धा अर्ध्या कपापेक्षा जास्त घेतला नाही त्याच्याबद्दल हा प्रश्न. त्या बाईच्या जिभेला काही हाड म्हणून नव्हतं. आणि चीड याची येते की सगळे बाटली शोधत बसले म्हणून डब्याकडे कुणी पाहिलंच नाही.

पाहिलं ते मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी. वयाने घारीच्या मुलीएवढ्याच. नवऱ्याला पुन्हा सोनोग्राफीला आत नेलं होतं आणि घार टेबलासमोरच्या स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"दारू?"

"नाही हो. कुणी सरबत दिलं तरी आधी वास घेतात."

"मानते मी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मावशी, लिव्हरमध्ये मोठी गाठ आहे, ते तुम्हाला काल सांगितलं. रक्तात हिपॅटायटीस बी पण निघालाय. कावीळ करणारा विषाणू असतो तो. बहुतेक लहानपणीच शिरला असेल, आईकडून नाहीतर एखाद्या न उकळलेल्या सुईतून. मग वर्षानुवर्षं गप्प बसतो. लिव्हर असं आहे ना, अर्धं गेलं तरी ओरडत नाही, काम करत राहतं."

"यांच्यासारखंच," घार म्हणाली.

डॉक्टरीणबाई थोडं हसल्या. "तुम्ही काय करता?"

घारीने सांगितलं. सांगताना जरा ताठच बसली, कारण आपल्या कामाबद्दल कुणी विचारायची वेळ क्वचित यायची. पट्टा, बाक, शेवटची जागा, सगळं सांगितलं.

"आणि खराब निघालेल्या दाण्यांचं काय करतात?"

"आम्हाला वाटून देतात. आम्ही काही म्हणजे काही वाया घालवत नाही."

डॉक्टरीणबाईंचं लिहिणं थांबलं. घरी कोण खातं, किती खातं, किती वर्षं, असं त्या विचारत गेल्या आणि घार उत्तरं देत गेली. तिसऱ्या-चौथ्या उत्तराला तिचा आवाज आपोआप बारीक झाला.

"त्या भुऱ्यात विष असतं मावशी. बुरशी बनवते ते. पुसून जात नाही, धुऊन जात नाही, भाजल्यावरसुद्धा बरंच उरतं. रोज थोडं थोडं पोटात गेलं की लिव्हरमध्ये गाठ धरू शकते. आणि ज्याच्या अंगात आधीच हा विषाणू आहे त्याला तर हा धोका कितीतरी पट."

"म्हणजे मी केलं हे?"

"एका माणसाबद्दल असं बोट ठेवून सांगता येत नाही. नुसता विषाणूही हे करू शकतो."

"पण दाण्यांनी झालं असेल."

डॉक्टरीणबाई खोटं बोलू शकल्या असत्या. बोलल्या नाहीत. "हातभार लागला असेल," म्हणाल्या. "आता गाठ काढण्याच्या पलीकडे गेलीय. पण घरातला डबा आजच्या आज फेका. तुमचं आणि मुलीचं रक्त तपासा. विषाणू नसेल तर मुलीला लस द्या, तीन वेळा घ्यायची असते. काकांना ती जन्मल्याबरोबर मिळाली असती तर..." पुढचं त्यांनी सोडून दिलं. "काकांना दाण्यांचं सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

नवरा बाहेर आला. पोटावर लावलेलं गार जेल पुसत म्हणाला, "सगळं वंगण लावून झालं, आता चालेल गाडी." घार हसली. त्या हसण्याची तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

घरी येऊन तिने डबा उकिरड्यावर रिकामा केला. तो दारात उभा. "अगं, अगं, काय झालं?"

"किडे झाले."

"सगळ्यात?"

"सगळ्यात."

मुलीलाही फोनवर तेच सांगितलं, किडे झालेत, टाकून दे. रक्ताच्या तपासण्या झाल्या. मायलेकी दोघींच्या रक्तात काही नव्हतं. मुलीने लस घेतली, एवढं एक काम तरी धड झालं. "बाबांना मग कशाने झालं गं?" मुलीने विचारलं. "जुनी कावीळ होती म्हणे," घार म्हणाली. ते खोटं नव्हतं, आणि खरंही नव्हतं. आपल्याला स्वतःला काहीच झालं नाही याचा तिला इतका राग आला की त्या दिवशी ती जेवली नाही.

त्याला सांगायचं, हे मात्र तिने पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिने त्याच्यापासून लपवलेली गोष्ट म्हणजे एक फुटलेली बरणी, आणि तीही तिने चौथ्या दिवशी कबूल केली होती. त्याला कळायला हवं होतं. मग तो ओरडेल, नाहीतर गप्प बसेल, नाहीतर काहीतरी फालतू विनोद करेल. काहीही करू दे, पण तिच्या तोंडावर करू दे. पण नुसतं "मी तुम्हाला विष चारलं" असं कुठल्या तोंडाने सांगायचं? तिने स्वतःशी तडजोड केली. आधी शेडमधली वाटणी बंद करायची. मग सांगताना निदान असं तरी म्हणता येईल की झालं ते झालं, पण आता दुसऱ्या कुणाच्या घरात जाणार नाही.

शनिवारी पोतं उघडलं तेव्हा ती त्याच्यासमोर उभी राहिली. "बायांनो, हे नेऊ नका. त्या बुरशीत विष असतं. लिव्हर जातं. डॉक्टरांनी सांगितलंय."

शेजारच्या बाकावरच्या जाडजूड, घोगऱ्या आवाजाच्या बाईला सगळ्या कोकिळा म्हणत. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बावीस वर्षं नेलंस तेव्हा नव्हतं का विष?"

"तेव्हा माहीत नव्हतं."

"माझी तिन्ही पोरं यावरच वाढली. ये बघायला, कशी धडधाकट आहेत."

"आमचे हेही धडधाकटच होते गं."

मग मुकादम पुढे आला, आवाज खाली आणून. "हे बघ, तुझ्या घरात काय चाललंय ते मला कळतं. पण विषबिष हा शब्द या शेडमध्ये परत काढू नकोस. बाहेर गेला तर माल कोण उचलेल? तुला नको, तर नको नेऊस."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. त्या वाईट नव्हत्या. संकटात बाईचं डोकं फिरतं, एवढंच त्यांना वाटलं. वाटणी झाली. शेवटी घारीचा वाटा उरला, तोही त्यांनी आपापसात ओंजळीने वाटून घेतला. पिशवीचं तोंड बांधता बांधता कोकिळेने विचारलं, "चालेल ना गं?"

घरी न्यायला म्हणून तिच्याकडे काहीच उरलं नाही, वाटणी थांबवल्याची बातमीसुद्धा नाही. त्या शनिवारी ती बोलली नाही, पुढच्याही नाही. उद्या सांगू, जरा बरं वाटलं की सांगू, असे दिवस काढले. त्याला बरं वाटायचं नव्हतं हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी काढले.

मग एकदा त्याने हट्टाने अंगणात एक चाक सोडवायला घेतलं. आयुष्यात हजारो चाकं जोडलेला माणूस. सगळ्या तारा मांडून बसला आणि तसाच बसून राहिला. "याचं पुढे काय असतं गं?" त्याने विचारलं. दवाखान्यात सांगितलं की लिव्हर आता रक्त साफ करत नाही, तो मळ डोक्यात जातो. औषध दिलं. दोन दिवस उतार पडला आणि तिसऱ्या दिवसापासून परत तेच. दिवसा झोप, मध्येच हाताला थरथर, पोट फुगून टम्म, आणि चमचा दिला तर तो पाना असल्यासारखा फिरवून बघणं.

तेव्हा घार घाबरली. मरण तिने कधीचंच गृहीत धरलं होतं, पण हे तिच्या हिशेबात नव्हतं. त्या दुपारी तो उशीला टेकून जागा होता, नजर जरा स्थिर वाटत होती. तिने दार लोटलं, त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली आणि सगळं सांगितलं. पोतं, भुरा, फडकं, भाजणं, डॉक्टरीणबाई, किड्यांचं खोटं, कोकिळा. काही राखलं नाही. शेवटी म्हणाली, "अहो, मी भरत होते खिसा. मीच."

तो ऐकत होता. मान तिरकी करून, चाकाचा आवाज ऐकायचा तसा, मन लावून. तिचं बोलणं संपलं तरी थोडा वेळ तसाच राहिला.

"बरं," तो म्हणाला. "करून ठेवतो. संध्याकाळी घेऊन जा."

तिने त्याचे दोन्ही हात धरले. "अहो, मी आहे. इकडे बघा. ऐकलंत का मी काय म्हणाले?"

"होईल, होईल. फार काही नाही." त्याने हात सोडवून घेतले आणि शर्टाचा खिसा बोटांनी उघडून पुढे धरला. खिसा रिकामा होता.

घार उठली. दुकानातून आणलेली पुडी फडताळात होती. पांढरेशुभ्र, टपोरे, तिने स्वतः एकेक निवडून घेतलेले. त्यातले चारच दाणे तिने बारीक करून त्याच्या तळहातावर ठेवले. त्याने जिभेवर घेतले, हळूहळू चघळले, काहीतरी येण्याची वाट बघितली. मग उरलेले तिच्याच हातात परत दिले.

"हे नकोत," तो अदबीने म्हणाला, अनोळखी बाईशी बोलावं तसं. "आमच्या घारीकडचे आणा."

ती "हो" म्हणाली.