कापलेल्या कडा

चूक माझीच. वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रदर्शनासाठी शस्त्रक्रियांच्या जुन्या काचेच्या निगेटिव्हवरून मी फोटो काढून घेतले, तेव्हा डागाळलेल्या कडा सरसकट कापल्या. त्या कडांवरच रुग्णांची नावं शाईनं लिहिलेली होती. मी ती वाचलीही नाहीत. खाली फक्त आजार आणि सर्जनचं नाव छापलं.

गळ्याला मोठी गाठ असलेल्या तरुण बाईच्या फोटोपुढे एक म्हातारे गृहस्थ थांबले.

“ही आमच्या आजोबांची बहीण. ऑपरेशननंतरचा फोटो आमच्या घरी आहे. डॉक्टरांचं नाव छापलंत, साहेब. हिला काय नुसती गाठच होती?”

मला लाजही वाटली नाही. आत सगळं बधिर होतं. त्या काळी फोटोसाठी बराच वेळ हलता येत नसे. पदर उतरवून, परक्या पुरुषांपुढे ती श्वास रोखून बसली असेल. आजार नीट दिसावा म्हणून आपण माणूस किती सहज बाजूला सारतो.

“नाव काय हो त्यांचं?”

“सखूबाई.”

मी हात जोडले. त्यांच्यापुढे की फोटोपुढे, सांगता येत नाही.

“सखूबाई, चुकलं माझं,” एवढंच म्हणालो.