साहेबांच्या फोटोखालची पत्रकं

मी आयुष्यात एकाच माणसाचा ठरवून सूड घेतला, आणि त्याचं मला आजही बरं वाटतं. मोठ्या मनानं माफ करणाऱ्या बायका असतात म्हणे. असोत. आमच्या घरात तो गुण कुणाच्याच वाट्याला आला नाही.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. मी मलकापूरच्या बुद्धवस्तीतली, शेतकीची पदवी घेऊन सांगलीत नोकरीला लागलेली. माझे साहेब द्राक्षाची औषधं विकायचे. त्याआधी ते विजेच्या मोटारी विकत आणि त्याआधी सासऱ्याच्या थिएटरवर बसत. द्राक्षाला पैसा आला तसे ते द्राक्षात आले. खोक्यावरचा भाव त्यांना तोंडपाठ होता, पण खोक्यातलं औषध कशावर मारतात ते सांगायला शेजारी माणूस लागायचा.

दरवर्षी ऑक्टोबरच्या छाटणीआधी ते एका मंगल कार्यालयात द्राक्ष बागायतदारांचं चर्चासत्र भरवायचे. भिंती रंगवायचे, जीपवर कर्णा लावून गावोगाव ओरडत फिरवायचे, पेपरात पाव पान जाहिरात द्यायचे. लोक यायचे ते बरोबर जेवणाच्या वेळेला. भाषणांच्या वेळी पुढच्या खुर्च्यांवर दुकानातली पोरं बसवावी लागत. साहेबांना ते फार लागायचं.

मी रुजू झाले त्या वर्षी त्यांना म्हटलं, "साहेब, यंदा जाहिरात नको. दर आठवड्याला एक पत्रक काढू. त्या आठवड्यात बागेत काय बघायचं, काय करायचं, एवढंच लिहायचं. आपल्या औषधाचं नावसुद्धा नको. लोकांना उपयोग झाला, सवय लागली, की चर्चासत्राला आपणहून येतील."

"फुकट शहाणपण वाटून धंदा होतो होय?" ते हसले. पण जाहिरातीपेक्षा पत्रक स्वस्त पडतं हे त्यांना पटलं, आणि मला परवानगी मिळाली.

ती पत्रकं मी जीव ओतून लिहिली. पुस्तकी भाषा टाकून दिली. पानाच्या वर तेलकट डाग आणि खाली पांढरी बुरशी दिसली तर ती डावणी, दोन्ही नसतील तर घाबरून फवारत सुटू नका, असं सरळ लिहायची. शेवटी एक प्रश्न टाकायची आणि म्हणायची, याचं उत्तर चर्चासत्रात. गठ्ठे मुक्कामाच्या एसटीत कंडक्टरकडे द्यायचे आणि गावातल्या दूध डेअरीवर उतरवायचे, ही युक्तीही माझीच. सकाळ-संध्याकाळ माणसं किटल्या घेऊन डेअरीवर उभी असतात. दुधाची फॅट लागेपर्यंत करायचं काय? पत्रक वाचायचं. ज्याला वाचता येत नसे त्याला शेजारचा वाचून दाखवी. काही गावांत डेअरीच्या खिडकीशेजारी ती ओळीनं चिकटवलेली मी स्वतः पाहिली.

पत्रकाखाली माझं नाव घालावं असं मी सुचवलं, तेव्हा साहेब टेबलावरच्या काचेकडे बघत म्हणाले, "मॅडम, माझं काही नाही हो. पण लोक आडनाव बघतात. बागायतदार कोण आहेत, तुम्हाला ठाऊक आहे. आडनाव वाचलं की वरचं वाचायचे नाहीत."

नवी नोकरी होती, आणि असली वाक्यं गिळायची सवय आमच्या घराला माझ्या आधीपासून होती. म्हटलं, निनावी तर निनावी.

त्या वर्षी मांडव पुरला नाही. माणसं कार्यालयाच्या कंपाऊंडवर बसली. जेवण संपलं तरी कुणी हललं नाही. माझे आबाही आले होते, मलकापूरहून, इस्त्रीचा सदरा घालून. ते फौजेतून निवृत्त झालेले. माझी पोरगी सांगलीला शेतकऱ्यांसाठी लिहिते, हे त्यांनी विहारात आणि वस्तीतल्या घराघरांत सांगून झालं होतं. येताना दोन शेजाऱ्यांनाही घेऊन आले होते, दाखवायला.

मला साहेबांनी दारात उभं केलं होतं. काठाची साडी, हातात गुलाबपाण्याची झारी, येईल त्याच्या अंगावर शिंपडायचं. सूत्रसंचालक माईकवर म्हणाला, "ज्या पत्रकांनी आपल्या बागा वाचवल्या, ती ज्यांच्या लेखणीतून उतरली त्यांचा आता सत्कार." आणि साहेब उठले. हात जोडले. फेटा बांधून घेतला, शाल घेतली, नारळ घेतला. मान इतकी नम्र खाली घातली होती की बघणाऱ्याला वाटावं, माणूस लाजतोय.

आबांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं. माझ्या हातात झारी होती.

स्टँडवर शेजारी जरा लांब जाऊन उभे राहिले. आबा म्हणाले, "तू तर म्हणली हुतीस, मी लिवती."

"मीच लिहिते, आबा."

"मग त्यानं येवड्या लोकांत मायकावर खोटं कशाला सांगितलं आसतं? आन् कागदावर तुजं नाव कुटं हाय?" ते रागावले नव्हते, हेच वाईट. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "हातभार लावला आसशील. तेबी लय हाय."

एसटी गेली आणि मी स्टँडवरच्या बाकावर बसून दातओठ खात राहिले. साहेबांनी माझं लिखाण चोरलं ते एक वेळ ठीक. पण त्यांनी मला माझ्याच बापासमोर खोटारडी ठरवलं होतं. त्यानंतर आबांनी वस्तीत माझ्या लिहिण्याचा विषय काढला नाही. मी सुट्टीला गेले की द्राक्षाचं बोलणं ते हळूच दुसरीकडं वळवायचे, मला अडचण नको म्हणून.

मी नोकरी सोडली नाही. लोकांना वाटलं, पोरगी निमूट आहे. निमूट कसली, मी वर्षभर वाट बघत होते.

पुढच्या हंगामात साहेबांनीच मला वाट करून दिली. म्हणाले, "मॅडम, यंदा पत्रकावर आपला फोटो टाकू." आपला म्हणजे त्यांचा. मी म्हटलं, "टाकूच साहेब, आणि मोठा टाकू." डाव्या कोपऱ्यात फेट्यातला फोटो, खाली त्यांचं नाव, त्याखाली मी लिहिलेला मजकूर. प्रेसमधून प्रूफ आलं की ते फक्त फोटोची शाई कमीजास्त झाली का ते बघायचे आणि सही करायचे. मजकूर एकदाही वाचला नाही. हे मला ठाऊक होतं आणि माझी सगळी भिस्त त्याच्यावर होती.

त्या वर्षी मी पहिल्यापेक्षा सरस लिहिलं. एकही खोटं वाक्य लिहिलं नाही, ते माझ्या रक्तात नाही. फक्त शेवटी प्रश्न टाकायच्या ऐवजी दर आठवड्याला एक ओळ टाकत गेले. तुमच्या बागेतलं शंकेचं पान घेऊन चर्चासत्राला या, साहेब प्रत्येकाचं पान स्वतः हातात घेऊन बघतील आणि तिथल्या तिथं सांगतील.

आमच्याकडे द्राक्षवाला दुकानात रिकाम्या हातानं येत नाही. बागेत काही दिसलं की पान तोडतो, पिशवीत घालतो आणि काउंटरवर ठेवतो, दवाखान्यात नाडी पुढं करावी तसं. त्याला पान आणा म्हणून सांगावंच लागत नाही. आणि छापलेल्यावर त्याचा भरवसा असा, की फोटोखाली छापलंय म्हणजे त्या माणसानं आपल्याला शब्द दिला.

चर्चासत्राच्या दिवशी मी पुन्हा दारात, पुन्हा झारी. आणि माणसं पानं घेऊन यायला लागली. प्लॅस्टिकच्या पिशवीतून, ओल्या फडक्यातून, जेवणाच्या डब्यातून. एकानं तर वेलाची अख्खी काडी आणली होती, खांद्यावर टाकून. मी प्रत्येकावर मनापासून गुलाबपाणी शिंपडलं.

साहेबांचं भाषण सुरू झालं आणि चार वाक्यांतच एक म्हातारा उठला. "आवं साहेब, भाषान ऱ्हाऊ द्या. पान बगा आदी." त्याच्या मागं रांग लागली. साहेबांना आधी गंमत वाटली. पान हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, "डावणी."

"डावणी आसली तर खालनं पांढरी बुरशी पायजे," म्हातारा म्हणाला. "तुमीच लिवलंय. हितं कुटं हाय?"

लोक हसले. साहेबही हसले, पण हसू पुरं होईना. दुसरं पान आलं, पंख्यासारखं आखडलेलं. साहेबांनी पुन्हा उलटंसुलटं केलं आणि औषधाचं नाव सांगितलं, दोन फवारण्या घ्या म्हणाले. पान आणणारा तरणा गडी होता. त्यानं खिशातून पत्रकाची घडी काढली. "साहेब, तुमीच लिवलंय, आसं पान दिसलं तर काय बी फवारू नका. शेजारच्या उसात तणनाशक मारलंय का ते इचारा. मी इचारलं. मारलं हुतं. आता तुमी फवारा म्हंताय, व्हय?"

हे सगळे परीक्षा घ्यायला आले नव्हते. उत्तरं त्यांना येत होती, आठवड्यामागून आठवडा मीच ती शिकवली होती. लिहिणाऱ्याच्या तोंडून एकदा खात्री करावी, एवढंच त्यांना हवं होतं. साहेबांचा घाम फेट्याखालून गालावर आला. मी दारातून बघत होते आणि मला इतका आनंद झाला की समोर कुणी नसतानाही मी गुलाबपाणी शिंपडलं.

शेवटी त्यांनी माईकवर हाक मारली. "मॅडम, जरा वर या. तुम्ही सांगा यांना."

सगळा मांडव माझ्याकडे वळला. या क्षणाची मी वर्षभर मनात तालीम केली होती. आवाज न चढवता म्हणाले, "साहेब, पत्रकं तुमची, फोटो तुमचा. मी आपली गुलाबपाण्याला."

मग पहिल्या म्हाताऱ्यानं माझ्याकडं, साहेबांकडं, पुन्हा माझ्याकडं बघितलं. "मग लिवतंय कोन?"

"मी लिहिते," मी म्हटलं. आणि माझं नाव सांगितलं, आडनावासकट, मागच्या खुर्च्यांपर्यंत जाईल असं. मग झारी टेबलावर ठेवली आणि स्टँडवर गेले. मागून रांगेतली बरीच माणसं बाहेर पडली, काही माझ्याबरोबर चालत स्टँडपर्यंत आली. एसटी लागेपर्यंत मी तिथं पानं बघत होते. आडनाव ऐकून कुणी पान मागं घेतलं नाही. एखाददुसरा घेऊन गेला असेल तर तो मला दिसला नाही, आणि मला बघायचंही नव्हतं.

घरी येऊन आबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि आईला ताट वाढायला सांगितलं. त्यांना वाटलं, पोरीनं भांडून नोकरी घालवली आणि आता काहीतरी रचून सांगतेय.

मला शिरवळच्या एका रोपवाटिकेत काम मिळालं. पुढच्या हंगामात साहेबांचा माणूस तिथं आला. पुन्हा लिहा, यंदा तुमचं नाव घालू, म्हणाला. मी त्याला चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. साहेबांनी तरीही घातलं. कुणाकडून तरी पत्रक लिहून घेतलं, स्वतःचा फोटो काढून टाकला आणि डोक्यावर माझं नाव छापलं, आडनाव त्याहून ठळक. प्रमुख मार्गदर्शक म्हणून. ज्या आडनावानं वाचक पळणार होते, त्याच आडनावाच्या भरवशावर आता मांडव भरायचा होता. लोक आले, पानं घेऊन आले, मी नव्हते. साहेबांना तोंडावर खोटारडा म्हणून लोक निघून गेले, हे मला शिरवळला रोपं न्यायला आलेल्या एका बागायतदारानं सांगितलं. त्या दिवशी मी रोपवाटिकेत सगळ्यांना पेढे वाटले. कशाचे ते सांगितलं नाही.

त्या आठवड्यात मलकापूरला गेले तर आबा दारातच उभे. हातात ते पत्रक. तासगावकडच्या कुणा पाव्हण्यानं आणून दिलं होतं. त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला नोकरी लागली त्या दिवशीसुद्धा तसा बघितला नव्हता.

"चल विहारात," म्हणाले. "लोक थांबल्यात. वाचून दाव."

"आबा, हे मी लिहिलेलं नाही."

"आगं गप. छापलंय की तुजं नाव. तवा निस्ती सांगत हुतीस, आता कागदावर हाय." त्यांनी माझा हात धरला. "चुकलं माजं पोरी. तवा मी तुज्यावर इस्वास ठेवला न्हाई."

विहारात चटईवर सगळी वस्ती बसली होती. मी पत्रक उघडलं. भिकार लिहिलं होतं. डावणी आणि करप्याची लक्षणं एकमेकांत घातली होती, तीन ठिकाणी साहेबांच्या औषधांची जाहिरात होती. मी मोठ्यानं वाचत गेले आणि वाचताना चुका दुरुस्त करत गेले, जाहिराती गाळत गेले. कुणाला काही कळलं नाही. शेवटी टाळ्या वाजल्या, सगळ्यात मोठ्या आबांच्या.

साहेबांचं सगळं फेडून झालं होतं. आबांवरचा माझा राग मात्र तसाच राहिला होता, आणि ते समोर डोळे पुसत बसले होते.