पारूबाईंच्या चापाचं पेटंट

राधानगरी तालुक्यातल्या पारूबाई कांबळे सकाळ-संध्याकाळ दोन म्हशींची धार काढतात. तीस वर्षं काढतायत आणि तीस वर्षं शेपटीचे फटके खातायत. शेणानं भरलेली शेपूट गालावर बसली की साबण लावूनही वास जात नाही. म्हणून शेपूट म्हशीच्याच पायाला दोरीनं बांधायची, अशी त्यांच्याकडची रीत. पण एकदा कुत्रं भुंकलं, म्हैस बिथरली आणि दोरीनं तिच्या शेपटीचं कातडं सोललं. पारूबाईंना ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी त्या पक्कड घेऊन गोठ्यात बसल्या.

संध्याकाळी नवऱ्यानं, धोंडीरामनं विचारलं, "माझ्या सायकलचा ब्रेक कुठं गेला?"

"म्हशीला लावलाय."

चार महिन्यांत अकरा नमुने झाले. अकरावा जमला. म्हशीच्या मागच्या पायाला एक पट्टा, पट्ट्यावर प्लॅस्टिकच्या पाइपाचा चाप, चापात शेपूट. हलका हिसडा दिला तर चाप धरून ठेवतो. म्हैस घाबरून जोरात ओढायला लागली की आपोआप सुटतो. किती जोराला सुटायचं, ते एका स्क्रूवर ठरतं.

त्यांची पुतणी प्रीती कोल्हापुरात पेटंटचे अर्ज करायचं काम करते. सुट्टीला आली आणि गोठ्यातच थबकली.

"काकी, हे कुणाला दाखवलंयस?"

"म्हशीला."

"मग अर्ज जाईपर्यंत आणखी कुणाला दाखवू नको."

प्रीतीनं आकृत्या काढल्या, मजकूर लिहिला. चापात नवीन काय आहे तो भाग तिनं मराठीत सांगायला घेतला. बराच वेळ ती थांबेचना.

"ह्ये सगळं एकाच वाक्यात?" पारूबाईंनी विचारलं.

"तसाच नियम आहे."

"मग मधी पाणी तरी पी."

अर्ज जाऊन वर्ष उलटल्यावर पेटंट कार्यालयाकडून तपासणीचा अहवाल आला. परदेशात कुणीतरी शेपूट धरायचा चाप आधीच काढलाय, मग तुमचं नवीन काय? प्रीतीचा चेहरा उतरला. पारूबाईंनी मात्र त्या परदेशी चापाचं चित्र उलटंसुलटं करून नीट बघितलं.

"ह्यो सुटतोय कुठनं?"

प्रीतीनं मजकूर पुन्हा वाचला. तो सुटतच नव्हता.

तेच उत्तर लेखी गेलं. पुढं सुनावणी लागली, ती व्हिडिओवर. प्रीतीनं विनंती केली आणि अधिकारीबाईंनी चाप प्रत्यक्ष दाखवायला परवानगी दिली. प्रीती मोबाइल धरून गोठ्यात उभी राहिली, पारूबाईंनी चाप लावला, आणि म्हैस देवळातल्या नंदीसारखी गप्प. पाच मिनिटं झाली. शेपटीचा केसही हलेना.

"रोज अशी नसती, साहेब," पारूबाई म्हणाल्या. "आज पावणं बघत्यात म्हणून लाजली."

तेवढ्यात रस्त्यावर ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला. म्हैस दचकली, चाप टक्कन सुटला आणि शेपूट थेट पारूबाईंच्या तोंडावर. अधिकारीबाईंनी हसू आवरत हिंदीत विचारलं, हा किती ओढीला सुटतो? पदरानं गाल पुसत पारूबाई म्हणाल्या, "सात किलोच्या. काट्यावर मोजलंय, कागदात लिवलंय." प्रीतीनं ते हिंदीत सांगितलं आणि अर्जातलं पानही दाखवलं.

दोन महिन्यांनी पेटंट मंजूर झालं. धोंडीरामनं प्रमाणपत्राची रंगीत प्रत काढून आणली. इंग्रजी वाचता येत नसलं तरी बायकोचं नाव कुठं आहे ते त्यानं प्रीतीकडून विचारून घेतलं, आणि गल्लीत जो भेटेल त्याला बोट ठेवून दाखवत सुटला. पारूबाई मात्र त्या दिवशी संध्याकाळी धार काढायला नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बसल्या, एवढंच.

आता कोल्हापुरातले विजयसिंह नावाचे एक कारखानदार रीतसर करार करून हे चाप बनवतात. पहिले दोनशे तयार झाल्यावर पारूबाईंनी एकेक काट्याला लावून तपासला आणि चाळीस परत पाठवले.

विजयसिंहांचा फोन आला. "मावशी, अर्ध्या किलोचाच तर फरक हाय."

"तुमच्यासाठी अर्धा," त्या म्हणाल्या. "शेपूट तिची हाय."

चाळीसच्या चाळीस नवे आले.