उंद्याबाचा धनी

पेडगावच्या दत्तराव गुरुजींची गोष्ट चौऱ्याहत्तरच्या दिवाळी अंकात छापून आली आणि मुलखात एक नवा देव जन्मला. उंद्याबा. कचेरीत बसलेला, येईल त्याला "उंद्या या" म्हणून वाटेला लावणारा. पार बोरीच्या बाजारापर्यंत शब्द गेला. कामाची टाळाटाळ करणारा दिसला की लोक म्हणायचे, "आला बगा उंद्याबा!"

गुरुजींच्या पोटात मात्र निखारा. अकरा पानं त्यांनी तीन-तीनदा खोडून लिहिली. लोकांनी धरला तो एकच शब्द, आणि तो बायकोचा.

त्याचं असं झालं. कासाबाई दोन वर्षं न्हाणीला दार मागत होती. गुरुजी म्हणायचे, "उंद्या." शेवटी तिनं न्हाणीच्या तोंडाशी एक धोंडा मांडला, शेंदूर फासला आणि शेजारच्या लक्ष्मीबाईला म्हणाली, "ह्यो आमचा उंद्याबा. नवसाला पावत न्हाई, पर तारीख देतो." गल्ली लोटपोट. गुरुजींनी हा देव न्हाणीतून उचलून कचेरीत बसवला आणि खाली आपलं नाव टाकलं.

तिनं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. त्याचाच त्यांना जास्त राग. आडावर बायका हसल्या की यांचे कान तिकडं. भाकरी थापता थापता ती सहज काही बोलून जायची आणि हे मनात जळायचे, हिला सुचतं तरी कसं? आमी इथं टाक चावून दात झिजवायलोत.

मग परभणीच्या कॉलेजातले एक प्राध्यापक नवे शब्द गोळा करत घरी आले. वही उघडून म्हणाले, "अर्थ कळला. आता व्युत्पत्ती सांगा."

गुरुजी सरसावले. "संस्कृतातला 'उदय' घ्या..."

तेवढ्यात कासाबाई चहा घेऊन आली. "कशाचं लिहायलेत सर?"

"उंद्याबाचं. कुणाचा हो हा शब्द?"

गुरुजींनी घाईघाईनं बशी तोंडाला लावली.

"ह्यांचाच की," ती म्हणाली. गुरुजींच्या जिवात जीव आला. "उंद्या ह्यांचा. दिवसातून धा बार म्हनत्यात. मी निस्ता 'बा' लावला. धोंडा बगायचाय का? न्हाणीला दार न्हाई, हितूनच दिसतो."

प्राध्यापकांना हसू आवरेना. डोळे पुसून त्यांनी पेन टेकवलं. "गुरुजी, बाईंचं पूर्ण नाव?"

गुरुजींनी बशीतला उरलेला चहा एका दमात संपवला.

"लिहा, कासाबाई," ते म्हणाले. मग पुढं सरकून वहीवर बोट ठेवलं. "आन् पुढं दत्तराव. तेवढं जरा ठसठशीत येऊ द्या."