पडद्यामागची बंदूक

कचेरीतले किस्से कोणी जपून ठेवत नाही. टेबलाच्या खणात टाचण्या साठतात तसे ते साठतात आणि एखाद्या दिवशी हात घातला की बोटाला टोचतात. जळगावच्या एका डाळ मिलमध्ये मी हेडक्लार्क होतो. शाळा सातवीपर्यंत, पुढचे सारे शिक्षण वाचनालयात. तरी इंग्रजी पत्र आले की शेठजी माझ्याच टेबलापाशी येत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कचेरीत कॉम्प्युटर आला, त्या वर्षाच्या या टाचण्या.

*

यंत्र बसले त्याच आठवड्यात मी त्यावरचे एक पुस्तक वाचून काढले आणि जेवणाच्या सुटीत सर्वांना समजावले. "मॉनिटर म्हणजे काचेची मोठी नळी. तिच्या मागच्या टोकाला इलेक्ट्रॉन गन असते. ती कणांचा झोत सोडते. काचेला आतून रसायन फासलेले असते, त्यावर झोत आदळला की ठिपका उजळतो. झोत ओळीओळीने सेकंदाला पन्नास-साठ वेळा पडदाभर फिरतो, म्हणून अक्षर स्थिर दिसते."

"गन म्हंजे?" शिपाई सुकदेवभाऊंनी विचारले. ते धुळ्याकडचे, कचेरीतही अहिराणीच बोलत; त्यांचे 'करी ऱ्हायना' म्हणजे 'करतोय', हे कळायला मला वर्ष लागले होते.

"बंदूक," मी अचूक भाषांतर केले.

"तिनं तोंड कोनाकडे शे?"

"बसणाऱ्याकडे."

कोणाचाही घास पुढे गेला नाही. यंत्रापुढे बसणार होत्या आमच्या टायपिस्ट सुमनताई. लग्नानंतर नऊ वर्षांनी त्यांना दिवस गेले होते. पाचवा महिना चालू होता.

*

सुमनताई हंगामी होत्या. कॉम्प्युटर शिकेल त्याला कायम करू, असे शेठजींनी सांगितलेले.

"मी नाही म्हटलं तर उद्या दुसरी येईल, आबा," त्या मला म्हणाल्या.

मग तोडगा मीच काढला. त्यांची बोटे टाइपरायटरवर इतकी बसली होती की पडदा पाहण्याची गरज नव्हती. कीबोर्डची वायर ओढून मी त्यांना मॉनिटरच्या पाठीमागे बसवले. पुढे मी बसलो. त्या न पाहता टाइप करीत आणि मी चुका मोठ्याने वाचून दाखवी. बंदुकीच्या मागे उभ्या असलेल्याला गोळी लागत नाही, एवढा तर्क मला पुरेसा वाटला.

बारा दिवसांनी पुण्याचा इंजिनीअर आला आणि दारातच थबकला. "यांना मागं का बसवलंय? झोत समोरच्या काचेतच अडतो. काचेत शिसं असतं. हजारो व्होल्टचं जे काही आहे ते सगळं मागच्या बाजूला."

सुमनताईंची बोटे कीबोर्डवर तशीच राहिली. त्या मला रागावल्या असत्या तर बरे झाले असते. घरी जाऊन मी पुस्तक पुन्हा उघडले. मागच्या बाजूविषयी तळटीप होती. ती मी वाचली नव्हती.

*

दुसऱ्या दिवशी सुमनताई समोर बसल्या. पाहतो तर मॉनिटरपुढे दोऱ्याने एकमेकींना बांधलेल्या चाळीसेक शिसपेन्सिलींचे कुंपण उभे होते. सुकदेवभाऊंनी स्टेशनरीचे कपाट रिकामे केले होते.

"भाऊ, शिसपेन्सिलीत शिसे नसते. ते ग्राफाइट."

"मंग नाव काब्र ठेवं?"

नाव तसे का पडले, ते मी शब्दकोशात शोधत बसलो. कुंपण आठवडाभर राहिले. शेठजींनीही पाहून न पाहिल्यासारखे केले.

*

भीती गेली असे नव्हे. पडद्याजवळ हात नेला की अंगावरचे केस उभे राहत, बारीक चटचट होई आणि सुमनताई पदर पुढे ओढून घेत. सातव्या महिन्यात एकदा त्यांनी विचारले, "आबा, हे बीप वाजतं त्या आवाजातूनही काही येतं का हो?"

या वेळी मी तळटिपांसकट वाचून आलो होतो. "आत छोटा स्पीकर आहे. चुंबक, तारेचे वेटोळे आणि कागदी पडदा. वीज येते-जाते तसा पडदा पुढे-मागे होतो आणि हवा ढकलतो. बाहेर येते ती फक्त हवेची हालचाल."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणालो. मला त्या शब्दाची भीती वाटू लागली होती.

*

त्यानंतर पंधरा दिवसांनी सुमनताई सकाळी आल्या त्या खुर्चीत नुसत्या बसून राहिल्या. अकराच्या सुमारास माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "कालपासून हललं नाही."

मी फाटकावरच्या माणसाला रिक्षा आणायला पिटाळले. सुकदेवभाऊंनी पाणी आणले. गडबडीत पेला कलंडला आणि पाणी टेबलभर झाले. ते टॉवेलने कीबोर्ड घाईघाईने पुसू लागले. एकदम कितीतरी बटणे दाबली गेली आणि यंत्र ओरडू लागले. बीप, बीप, बीप. पूर्वी कधी ते इतके सलग वाजले नव्हते. सुकदेवभाऊंनी घाबरून हात उचलला. आवाज थांबला.

सुमनताईंचा तळहात पोटावर टेकलेला होता. "आबा," त्या हळूच म्हणाल्या, "हललं! पुन्हा दाबायला सांगा."

सुकदेवभाऊंनी ओला टॉवेल तसाच खाली दाबून धरला.

केबिनचे दार उघडून शेठजी बाहेर आले. "काय चाललंय हे? बंद करा ते."

सुकदेवभाऊंनी मान वर केली नाही. "वाजू द्या, शेठ," ते म्हणाले. "पोऱ्या ऐकी ऱ्हायना."